उसन्या चालींचा नाताळ

योहान सेबास्टियन बाखचा ‘ख्रिसमस ऑरेटोरिओ’ लावला की सगळ्यांत आधी ऐकू येतात नगारे. मग बासऱ्या, ट्रम्पेट आणि शेवटी अख्खा कोरस. ख्रिस्तजन्माचा आनंद असाच दणक्यात वाजायला हवा, असं आपल्याला वाटतं. पण ही चाल ख्रिस्तासाठी बांधलेलीच नव्हती. डिसेंबर १७३३मध्ये सॅक्सनीच्या मारिया योझेफा हिच्या वाढदिवसासाठी बाखनं ती रचली होती. मूळ शब्दांत नगाऱ्यांनाच हाक होती, म्हणून सुरुवात नगाऱ्यांनी. वर्षभरानं शब्द बदलले, नगारे तिथेच राहिले.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. चालणारा कोड उचलून दुसरीकडे वापरणं आमच्याकडे शहाणपणाचं मानतात. भक्तिसंगीतात तेच झालं की मात्र आपण नाक मुरडतो. सिनेमाच्या चालीवरची आरती आठवून पाहा. १७३४-३५च्या नाताळात लायपझिगच्या चर्चमध्ये सहा दिवसांत सादर झालेल्या या सहा भागांतली बरीचशी मोठी गाणी अशीच राजघराण्याच्या कौतुकासाठी लिहिलेल्या रचनांमधून आली आहेत. मग हे पवित्र संगीत म्हणायचं की वेळेत उरकलेलं काम? मला वाटतं, यातले सगळ्यांत अर्थपूर्ण क्षण या उसनवारीतूनच आलेत.

दुसऱ्या भागातलं अंगाईगीत घ्या. मूळ रचना अकरा वर्षांच्या युवराजाच्या वाढदिवसाची. तिच्यात तरुण हर्क्युलिसला भुलवायला आलेली ‘विलासवृत्ती’ त्याला झोप, मजा कर, असं सांगते. बाखनं तेच गाणं सोप्रानोकडून काढून खालच्या पट्टीत आल्टोला दिलं आणि गायिकेच्या वरच्या सप्तकात बासरीला सोबत धाडलं. आता समोर गोठ्यातलं बाळ आहे. सुरुवातीचा लांबवलेला सूर दोन्हीकडे तोच. तिथे तो मोह होता, इथे माया आहे. मोहातला गोडवा इथे पुसलेला नाही, म्हणून हे अंगाईगीत गुळमुळीत होत नाही.

त्याहून मोठा प्रवास एका साध्या चालीचा. हान्स लिओ हास्लरनं १६०१मध्ये छापलेलं ते एक प्रेमगीत. पुढे ती चाल क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या दुःखाला चिकटली. बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’मध्ये ती पुन्हापुन्हा येते. ज्यानं ते ऐकलंय, त्याला पहिल्याच भागात, बाळाच्या स्वागताच्या शब्दांवर ती भेटली की चरकायला होतं. जन्माच्या घरात मरणाची चाल! आणि सहाव्या भागाच्या शेवटी तीच ट्रम्पेटच्या झळाळीत विजयगीत होऊन परतते.

प्रत्येक उसनवारी जमलीय असं नाही. चौथ्या भागात प्रश्नाला प्रतिध्वनीनं ‘हो’ किंवा ‘नाही’ उत्तर देण्याची गंमत आहे. रानात भटकणाऱ्या हर्क्युलिसला ती शोभत होती. प्रार्थनेत मात्र मला ती कृत्रिमच वाटते. तिथे जुन्या गाण्याचं नाटक उघडं पडतं.

मी ख्रिस्ती नाही. देवाबद्दल माझं मत अजून ठरायचंय. तरी हे संगीत मला परकं वाटत नाही, कारण त्यातल्या चालीही बाहेरूनच आलेल्या आहेत. दरबारातून, नाटकातून, कुणाच्या प्रेमातून. जिथून आल्या तिथलं सगळं घेऊन त्या प्रार्थनेत शिरल्या. आपणही वर्षाअखेरीस थकवा, हेवा, अर्धवट राहिलेली कामं असं सगळं घेऊनच ऐकायला बसतो.

हे सगळं सलग ऐकलं तर साधारण अडीच तास लागतात. पण एका दमात संपवू नका. बाखनं केलं तसं करा: २५, २६ आणि २७ डिसेंबर, १ जानेवारी, नव्या वर्षाचा पहिला रविवार आणि ६ जानेवारी. रोज एक भाग, साधारण पंचवीस मिनिटं. सहाव्या दिवशी ती जुनी चाल ट्रम्पेटसह येईल, तेव्हा पहिल्या दिवशी ती किती हळू आली होती ते तुम्हाला आठवेल.