'एम आणि हूमराव' : शुभंकर जोडीदाराच्या मौनाचा अन्वयार्थ

प्रस्तावना :
जेरी पिंटो यांची 'एम अँड द बिग हूम' ही इंग्रजी कादंबरी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार प्राप्त झाला. शांता गोखले यांनी 'एम आणि हूमराव' या नावाने ती मराठीत आणली. मुंबईतील माहीम येथे लहानशा घरात राहणाऱ्या गोवन ख्रिस्ती कुटुंबाची ही कहाणी आहे. इमेल्डा ऊर्फ एम हिला द्विध्रुवीय भावविकार आहे. पती ऑगस्टीन म्हणजेच हूमराव. कन्या सुझन आणि निवेदक पुत्र ही त्यांची अपत्ये. या कादंबरीची चर्चा प्रामुख्याने एमच्या अनुषंगाने झाली आहे. प्रस्तुत लेखात हूमरावांच्या भूमिकेची चिकित्सा केली आहे.

आधाराचे स्वरूप :
मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात रुग्णासाठी 'शुभार्थी' आणि त्याला सांभाळणाऱ्यासाठी 'शुभंकर' हे शब्द मराठीत वापरले जातात. 'शुभंकर' या शब्दाला मांगल्याचे वलय आहे. कादंबरीतील शुभंकराचे काम मात्र अत्यंत व्यावहारिक आहे. घर चालविणे, जे. जे. रुग्णालयातील वॉर्ड क्रमांक ३३ च्या वाऱ्या करणे, आत्महत्येच्या प्रयत्नानंतर मुलांसह पुन्हा उभे राहणे, हेच ते काम. उन्मादाच्या अवस्थेत एम अखंड बोलते, विड्या ओढते, मुलांसमोर कसलाही आडपडदा ठेवीत नाही. नैराश्यात तीच एम मरण मागते. या दोन्ही अवस्थांत जोडीदाराला एकच वागणूक पुरत नाही. उन्मादात मर्यादा घालावी लागते, तर नैराश्यात नुसती सोबत करावी लागते. जॉन केड यांनी १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात लिथियमची उपयुक्तता दाखवून दिल्यानंतर या विकारावरील उपचारांना नवी दिशा मिळाली. तथापि औषधाने विकार आटोक्यात येतो, तो संपत नाही. म्हणूनच हूमरावांचा आधार एखाद्या पराक्रमासारखा एकदाच घडत नाही. प्रत्येक संकटानंतर तो पहिल्यापासून द्यावा लागतो. हे सातत्य भावविवशतेविना टिपणे, हे लेखकाचे मोठे यश होय.

निवेदनाची मर्यादा :
असे असले तरी हूमरावांचे अंतरंग वाचकासमोर येत नाही. एमला तिची पत्रे, रोजनिशी, कोट्या आणि वॉर्डमधील संभाषणे लाभली आहेत. हूमरावांच्या वाट्याला मितभाषीपणा आला आहे. यामागे निवेदनाची योजना आहे. कथा पुत्र सांगतो. आईचा विकार आपल्यातही उतरेल, या भयाने तो ग्रासलेला आहे. अशा मुलाला बाप अढळ असणे आवश्यक वाटते. त्यामुळे बापाचे मौन हे त्याचे सामर्थ्य म्हणून वाचले जाते. वस्तुतः ते थकव्याचे, भीतीचे किंवा एकाकीपणाचेही असू शकते.

येथे लिंगभावाचा प्रश्नही उपस्थित होतो. आजारी पतीची शुश्रूषा करणाऱ्या पत्नीकडे समाज कर्तव्य म्हणून पाहतो. आजारी पत्नीजवळ टिकून राहणारा पती मात्र थोर ठरतो. लग्नापूर्वी नोकरी करून माहेर सांभाळणाऱ्या आणि मातृत्वाविषयी उघडपणे नाराजी व्यक्त करणाऱ्या एमचा आवाज कादंबरीत ठळक ठेवून लेखकाने हे थोरपण काही अंशी तोलून धरले आहे. शीर्षकातील 'आणि' हे अव्ययही सूचक आहे. एक तारणारा आणि दुसरी तारली जाणारी, अशी विभागणी ते करीत नाही.

समारोप :
मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने रुग्णाला नामनिर्देशित प्रतिनिधी निवडण्याचा तसेच उपचारांविषयीची आपली इच्छा आगाऊ नोंदवून ठेवण्याचा अधिकार दिला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, विरुद्ध सिद्ध न झाल्यास, तीव्र ताणाखाली होती असे हा कायदा गृहीत धरतो. एमच्या काळात या कुटुंबाला यांपैकी कशाचाच आधार नव्हता. जे होते ते एका माणसाच्या खांद्यावर होते. कादंबरीच्या अखेरीस एमचा मृत्यू होतो, तो आत्महत्येने नव्हे. तोवरची सर्व वर्षे तिला जगविण्यात खर्ची पडलेली असतात. त्यांचा हिशेब हूमराव मांडत नाहीत, आणि पुत्रही त्यांच्याकडे तो मागत नाही. शुभंकराच्या सहनशीलतेचा गौरव करताना त्याला बोलते करण्याची जबाबदारी समाज टाळतो, हे या मौनातून सूचित होते. अध्यापनात या कादंबरीचा विचार करताना एमच्या शब्दांइतकेच हूमरावांचे मौनही अभ्यासविषय व्हावे, असे म्हणता येईल.