'लपाछपी'तील स्त्री : भय कोणाचे आणि दोष कोणाचा?

भयपटातील स्त्री बहुधा दोनच रूपांत येते. ती घाबरते किंवा घाबरवते. कन्नड, हिंदी व मराठी असे तिन्ही भाषांतील चित्रपट पाहणाऱ्या सीमाभागातील प्रेक्षकाला ही रूपे परिचित आहेत. 'मणिचित्रताळु' (१९९३) या मल्याळम चित्रपटावरून कन्नडमध्ये 'आप्तमित्र' (२००४) व हिंदीत 'भूल भुलैया' (२००७) निघाले. तिन्हींत नायिका स्वतःला अन्यायाने मेलेली नर्तकी समजू लागते आणि पुरुष डॉक्टर तिला बरी करतो. नर्तकीचा संताप रास्त असला तरी कथेत तो अखेर रोगच ठरतो.

विशाल फुरिया दिग्दर्शित 'लपाछपी' (२०१७) ही मांडणी उलटवतो. कर्जामुळे शहर सोडावे लागलेली गरोदर नेहा (पूजा सावंत) पतीसह उसाच्या फडातील एकाकी घरात येते. तिला जे दिसते ते इतरांच्या लेखी भास. प्रेक्षकाला मात्र ते खरे असल्याचे ठाऊक असते. येथे स्त्रीची भीती हा आजार नसून साक्ष आहे. भयासाठी पडका वाडा न घेता ऊस घेतला, हे तर फारच नेमके. हिरण्यकेशी कारखान्याच्या परिसरात राहणाऱ्याला उभ्या फडात दिशा कशी हरवते, हे वेगळे सांगायला नको.

मतभेद होतो तो तुळसाबाईवरून. उषा नाईक यांनी ही भूमिका फार ताकदीने केली आहे; त्यांची माया आणि दहशत वेगळी काढता येत नाही. एका वाचनानुसार हा चित्रपट स्त्रीभ्रूणहत्येचा निषेध आहे. दुसऱ्या वाचनानुसार 'बाईच बाईची वैरी' हे जुनेच वाक्य तो पुन्हा ऐकवतो. पहिले वाचन हेतूला धरून आहे. पडद्यावर मात्र दुसऱ्यालाच अधिक आधार सापडतो. घरातील पुरुषांना मुलगाच हवा असतो, पण आपल्या लक्षात राहतो तो तुळसाबाईचा चेहरा.

प्रश्न केवळ पडद्यापुरता नाही. निपाणीला लागून असलेल्या कोल्हापूर जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. गर्भलिंगनिदानावर १९९४ चा केंद्रीय कायदा असतानाची ही स्थिती. सोनोग्राफीचे यंत्र, दवाखाना, पैसा, वारसाहक्क ही सारी साखळी एका सासूच्या हातात नसते. कथा जुन्या घराण्याच्या शापावर ठेवल्याने ही साखळी चित्रपटात येतच नाही.

कुरआनातील सूरह तकवीरमध्ये जिवंत पुरलेल्या मुलीला, तिला कोणत्या अपराधासाठी मारले, असे विचारले जाईल असा उल्लेख आहे. प्रश्न मुलीला आहे; पण कचरायचे आहे ते मारणाऱ्याने. 'लपाछपी'त हा प्रश्न माजघरापर्यंत येतो, ओसरीवर बसलेल्यांपर्यंत पोहोचत नाही. २०२१ मध्ये याच दिग्दर्शकाने 'छोरी' नावाने तो हिंदीत केला. खेळाच्या नावाऐवजी मुलगीच शीर्षकात आली, हा बदल लहान नाही.