दबाव, मोमेंटम आणि लढवलेली खिंड

बाजीप्रभूंनी खिंड एकदाच लढवली, 1660 साली. मराठी क्रीडापानावर ती दर मोसमात चार-दोनदा लढवली जाते. आठ गडी गेलेले असावेत, एखादा गोलंदाज बॅट पुढे करून तासभर तग धरून उभा असावा, की उपसंपादकाचा हात आपोआप त्या शब्दांकडे जातो. सामना अनिर्णित राहिला तरी खिंड, डावाने हरला तरी खिंड. घोडखिंडीत कोण कशासाठी उभं होतं, हे मात्र त्या मथळ्यात कुठेच नसतं. तिथे लढणाऱ्याला जिंकायचं नव्हतं. दुसरं कुणीतरी विशाळगडावर पोहोचेपर्यंत वेळ काढायचा होता.

या अर्थाने क्रिकेटमध्ये खिंड खरोखर लढवली गेल्याची उदाहरणं थोडी आहेत, पण आहेत. 19 जानेवारी 2021, ब्रिस्बेन, गाबा. शेवटच्या दिवशी 328 धावांचा पाठलाग. चेतेश्वर पुजाराने 211 चेंडूंत 56 धावा केल्या. कमिन्स आणि हेझलवूडचे चेंडू त्याच्या बोटांवर, बरगड्यांवर, हेल्मेटवर आदळत होते आणि तो पुन्हा उभा राहत होता. दुसऱ्या टोकाला आधी शुभमन गिलने 91 धावा केल्या, मग ऋषभ पंतने नाबाद 89. नवा चेंडू घेतल्यावर कमिन्सने पुजाराला पायचीत पकडलं, तोवर त्याचं काम झालेलं होतं: जुना चेंडू झिजवायचा, गोलंदाज दमवायचे, धावा करणाऱ्यांना वेळ मिळवून द्यायचा. भारताने तो सामना तीन गडी राखून जिंकला. इथे कुणी ‘खिंड लढवली’ म्हटलं तर त्याचा हात चुंबावा. पण त्या आधीच्या कितीतरी खिंडींमुळे हा शब्द इतका गुळगुळीत झाला होता की जिथे तो नेमका बसला तिथेही तो कुणाला ऐकूच आला नाही.

खेळाच्या भाषेबद्दल तक्रार करणारे सहसा पुनरुक्तीवर घसरतात. तेच ते शब्द, तीच ती विशेषणं. मला ती तक्रार पटत नाही. खेळ स्वतःच पुनरावृत्तीवर चालतो. आकाशवाणीवरून बाळ ज. पंडितांनी मराठी समालोचन घराघरांत रुजवलं, तेव्हा ‘ऑफ स्टंपच्या बाहेर, सोडून दिला’ यासारखी वाक्यं एका दिवसात शंभरदा येत असणार. ऐकणाऱ्यापुढे चित्र नव्हतं. त्याला चेंडू कुठे पडला, कुठे गेला, क्षेत्ररक्षक कुठे आहे एवढंच हवं होतं, आणि ठरलेल्या शब्दांमुळेच ते चित्र झटकन उभं राहायचं. ते वाक्य शंभरदा खरं होतं, कारण चेंडू शंभरदा खरोखर बाहेर होता.

कुस्तीच्या मैदानातला निवेदकही असाच. कोल्हापूरच्या खासबागेत किंवा एखाद्या गावच्या जत्रेतल्या फडावर हलगीच्या तालात त्याचं चाललेलं असतं: खडाखडी, पट काढला, खाली घेतला, कब्जा घेतला, घिस्सा मारायचा प्रयत्न, खालचा सुटला, पुन्हा खडाखडी. सगळे शब्द पिढ्यान्‌पिढ्यांचे. पण प्रत्येक शब्द म्हणजे एक डाव, आणि डाव चुकीचा सांगितला तर मातीच्या कडेला बसलेला म्हातारा पैलवान तिथल्या तिथे ओरडून दुरुस्त करतो. तोच धोबीपछाड वर्तमानपत्रात आला की काय होतं बघा. प्रतिस्पर्ध्याचा हात धरून त्याला आपल्या पाठीवरून उचलून आपटण्याचा हा एक विशिष्ट डाव. आठ धावांनी जिंकलेल्या संघानेही ‘धोबीपछाड दिली’ आणि नगरपालिका हरलेल्या पक्षालाही तीच मिळाली. पाठ नाही, माती नाही, नुसती आपटाआपटी.

म्हणून फरक करायचाच तर जुन्या आणि नव्या शब्दांत करू नये. जे वाक्य चुकू शकतं ते, आणि जे कधीच चुकू शकत नाही ते, असा करावा. ‘पट काढला’ हे चुकू शकतं. ‘त्यांना विजयाची भूक जास्त होती’ हे चुकूच शकत नाही, कारण ते निकाल लागल्यावर म्हटलं जातं आणि भूक जिंकणाऱ्याच्या पोटातच सापडते. दबाव, मानसिकता, जिद्द, मोमेंटम ही सगळी याच घराण्यातली. मैदानावर काय घडलं ते सांगायचं सोडून जे घडलं ते घडणारच होतं असं भासवणं, एवढंच त्यांचं काम.

19 डिसेंबर 2020 रोजी ॲडलेडला भारत 36 धावांत गारद झाला. हेझलवूड 8 धावांत 5 बळी, कमिन्स 21 धावांत 4. त्या दिवशी नांगी टाकली, लोटांगण घातलं, कणा मोडला, सगळं म्हणून झालं. आठवड्याभराने मेलबर्नला कसोटी सुरू झाली, अजिंक्य रहाणेने 112 धावा केल्या, भारत आठ गडी राखून जिंकला, आणि मोडलेल्या कण्याच्या जागी पोलादी निर्धार आला. 36 ते गाबा हे अंतर बरोबर एका महिन्याचं. एका संघाची मानसिकता महिन्याभरात दोन टोकांना जाऊन आली असेल, नाही असं नाही. पण ॲडलेडला त्या दुपारी चेंडू अचूक टप्प्यावर पडत होते, आणि एरवी बॅटला चुकवून जाणारे चेंडू त्या दिवशी कडा घेऊन यष्टिरक्षकाच्या हातात जात होते, हे सांगायला कुणाकडे वेळ नव्हता. कणा मोडला म्हणायला दोन सेकंद लागतात. टप्पा समजावून सांगायला षटकभर बोलावं लागतं.

मोमेंटमचं तर विचारूच नका. बास्केटबॉलमध्ये लागोपाठ बास्केट करणाऱ्या खेळाडूचा ‘हात गरम’ असतो, या समजाची 1985 मध्ये गिलोविच, वॅलोन आणि ट्वर्स्की यांनी तपासणी केली आणि त्यांना तो समज आकड्यांत सापडला नाही. पुढे 2018 मध्ये मिलर आणि सान्हुर्हो यांनी त्या हिशेबातच एक खोट दाखवली. म्हणजे विद्वानांचं अजून ठरायचं आहे. समालोचकांचं मात्र केव्हाच ठरलं आहे. ऑस्ट्रेलिया सलग सोळा कसोटी जिंकून 2001 मध्ये ईडन गार्डन्सवर आली, भारताला फॉलोऑन दिला, आणि 14 मार्चला लक्ष्मण-द्रविडने अख्खा दिवस एकही गडी पडू न देता खेळून काढला. सोळा सामन्यांचं मोमेंटम त्या दिवशी कुठे होतं, हा प्रश्न कुणी विचारला नाही. ते ‘भारताकडे वळलं’ एवढंच सांगण्यात आलं. जे नेहमी जिंकणाऱ्याकडेच वळतं, त्याचा उपयोग काय?

काही वाक्यं तर कुणी म्हटलेलीच नसतात. 13 जून 1999, हेडिंग्ली. हर्शेल गिब्जने स्टीव्ह वॉचा सोपा झेल पकडला आणि आनंदात चेंडू हवेत फेकायला जाताना हातातून सोडला. वॉ 56 वर होता, पुढे नाबाद 120 झाला. ‘तू आत्ता विश्वचषक सोडलास’ असं वॉ गिब्जला म्हणाला, ही गोष्ट गेली पंचवीस वर्षं टीव्हीवर आणि चहाच्या टपरीवर सांगितली जाते. आपण असं म्हटलं नव्हतं, हे वॉने नंतर स्पष्ट केलं. पण ‘झेल सोडला म्हणजे सामना सोडला’ या जुन्या वचनाला एक नाट्यमय दाखला हवा होता, तो मिळाला, आता सुटणार नाही. शिवाय त्या झेलामुळे दक्षिण आफ्रिका स्पर्धेबाहेर गेलीच नव्हती. चार दिवसांनी 17 जूनला एजबॅस्टनला हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले, दोघांच्याही धावा 213, क्लूसनर धावत सुटला, डोनाल्ड उभा राहिला आणि सामना बरोबरीत सुटून ऑस्ट्रेलिया अंतिम फेरीत गेली. एका धावेचा गोंधळ. त्यातून एका देशाच्या कपाळावर ‘चोकर’ हा शिक्का बसला तो बसलाच.

या शिक्क्याची गंमत अशी की तो पुढच्या प्रत्येक पराभवाचं स्पष्टीकरण बनतो. 2024 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 धावा हव्या होत्या आणि ते सात धावांनी हरले. बुमराहची षटकं, शेवटच्या षटकात सीमारेषेच्या आत-बाहेर करत सूर्यकुमारने पकडलेला मिलरचा झेल, हे सगळं डोळ्यांदेखत घडलेलं होतं. तरी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निकाल एका शब्दात लागला. गोलंदाजाला श्रेयच नाही. समोरचा आपोआप गुदमरला. पुढे जून 2025 मध्ये लॉर्ड्सवर मार्करमने 136 धावा ठोकून आफ्रिकेला कसोटी अजिंक्यपद मिळवून दिलं, तेव्हा सगळीकडे ‘चोकर्सचा शिक्का पुसला’. शिक्का लावतानाही तयार माल, पुसतानाही तयार माल.

एक काळ तर असा होता की हा माल चक्क विकत मिळायचा. 2008 ते 2012 या काळात आयपीएलमध्ये षटकार हा षटकार नव्हता, ‘डीएलएफ मॅक्झिमम’ होता. झेल ‘कार्बन कमाल कॅच’, महत्त्वाचा क्षण ‘सिटी मोमेंट ऑफ सक्सेस’. माजी कसोटीपटू हे शब्द निर्विकार चेहऱ्याने उच्चारायचे. मला त्यात एक प्रामाणिकपणा वाटायचा, खोटं कशाला बोलू. निदान हे शब्द कुणी आणि का घातले ते तरी कळत होतं.

रिची बेनॉ यांचं पथ्य होतं की पडद्यावर दिसतंय त्यात भर घालता येत असेल तरच बोलावं. आजच्या प्रक्षेपणात शांतता परवडत नाही. तीन माणसं, भरपूर वेळ, आणि प्रत्येक चेंडूनंतर काहीतरी. 2023 मध्ये जिओसिनेमावर आयपीएलचं समालोचन मराठीतही आलं, तेव्हा मला मोठी आशा होती. नवं घर होतं, जुना पसारा आत न आणता राहता आलं असतं. काही वेळा ते जमलंही. केदार जाधव तर समालोचनाच्या खुर्चीतून उठून त्याच मोसमात बंगळूरच्या संघात दाखल झाला. खेळणाऱ्या माणसाची नजर त्याच्या बोलण्यात होती. मनगट कधी फिरवायचं, संथ चेंडूची पकड कशी असते, हे तो सहज सांगून जायचा. पण तास दोन तासांनी सगळेच दमतात आणि मग हिंदीतलं शेरोशायरीचं वळण आणि इंग्रजीतलं ‘प्रेशर सिच्युएशन’ यांना मराठी प्रत्यय लावून गाडी चालू राहते. ‘काय खेळाडू आहे!’ हे वाक्य तर प्रत्येकालाच लागू पडतं.

महिला क्रिकेटमध्ये या तयार मालाचं आणखी एक दुकान उघडलं आहे. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारताने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. शफाली वर्माच्या 87 धावा आणि दोन बळी. दीप्ती शर्माचं अर्धशतक आणि 39 धावांत 5 बळी. दुसऱ्या दिवशी ‘रणरागिणी’, ‘वाघिणी’, ‘लेकींनी करून दाखवलं’. कौतुक खरं होतं, डोळे पाणावले होते, ते सगळं मान्य. पण दीप्तीने चेंडूचा वेग कसा कमीजास्त केला, शतक झालेल्या वुल्फार्टचा अडसर तिने कसा दूर केला, हे शोधायला खूप खाली वाचावं लागत होतं. तीन दिवस आधी उपांत्य सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाच्या 338 धावांचा पाठलाग करताना 134 चेंडूंत नाबाद 127 धावा काढल्या. मोकळ्या जागा हेरून, एकेरी-दुहेरी पळून, मधेच चौकार मारून धावगती कशी हातात ठेवायची याचा तो वस्तुपाठ होता. चर्चा सगळी सामन्यानंतरच्या अश्रूंची. रोहित शर्माला कुणी ‘लेक’ म्हणत नाही. त्याचा पुल कसा आहे याबद्दल बोलतात.

चाहत्यांना मी यातून वगळणार नाही, पण त्यांच्यावर फार वेळही घालवणार नाही. टपरीवरच्या माणसाला पगार मिळत नाही. ‘मॅच फिक्स होती’, ‘आयपीएलने वाट लावली’, ‘मी उठलो आणि विकेट पडली’ ही वाक्यं विश्लेषण म्हणून नसतातच. हरल्याचं दुःख चारचौघांत वाटून घ्यायची ती रीत आहे. फक्त ‘फिक्स होती’ हे जरा वेगळं. एकदा ते म्हटलं की पुढे कशाकडेच बघावं लागत नाही.

आणि मग कबड्डी. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवायचाच, नाहीतर चढाईपटू बाद, असा नियम तिथे चालतो. त्या चढाईचं नाव ‘करो या मरो’. 1942 मध्ये गवालिया टँकवर गांधीजींनी दिलेली घोषणा पुढे प्रत्येक निवडणुकीला, प्रत्येक परीक्षेला, प्रत्येक साखळी सामन्याला चिकटवून चिकटवून पार निर्जीव झाली होती. कबड्डीने तिला नियमपुस्तकात घातलं आणि तिला पुन्हा अर्थ आला. आता समालोचक ‘करो या मरो’ म्हणाला की सातवीतल्या पोरालाही कळतं: तीस सेकंद आहेत, बोनस किंवा स्पर्श, नाहीतर बाहेर. चढाईपटू खोटं बोलू शकत नाही आणि समालोचकही.