परदेशातील स्वयंपाकघर आणि खुनाचे कोडे

गेल्या नाताळात आमच्या धर्मग्रामातील एक परिचारिका परदेशाहून सुट्टीवर आली असता तिने मला एक इंग्रजी कादंबरी भेट दिली. 'फादर, ह्यातल्या तिघी मावश्या आपल्याच आळीतल्या वाटतील,' असे ती म्हणाली. खुनाची कादंबरी धर्मगुरूला नाताळची भेट म्हणून मिळावी, ह्याची मला गंमत वाटली. तथापि रहस्यकथेशी पुरोहितवर्गाचे नाते जुनेच आहे. चेस्टरटनचा फादर ब्राऊन आम्ही सेमिनरीच्या ग्रंथालयातून रीतसर नोंद करून वाचला. बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके मात्र उशीखाली ठेवून वाचली. तेव्हा संकोच न करता मी ते पुस्तक वाचून काढले आणि त्याच जातकुळीतील आणखी काही मिळवून वाचली. ह्या वाचनातून जो आनंद लाभला आणि जी अस्वस्थता मागे उरली, त्या दोहोंविषयी येथे लिहावयाचे आहे.

इंग्रजीत ह्या साहित्यप्रकाराला 'कोझी मिस्टरी' म्हणतात. आपण त्याला ऊबदार रहस्यकथा म्हणू. येथे खून होतो, पण रक्तपात वाचकाच्या डोळ्यांसमोर घडत नाही. शोध घेणारी व्यक्ती पोलीस खात्यातील नसून शेजारपाजारची असते. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल १९३० साली 'द मर्डर अ‍ॅट द व्हिकारेज' ह्या कादंबरीत आली आणि ह्या प्रकाराचा साचा जवळजवळ ठरून गेला. लहानसे गाव, सर्वांना सर्वांची माहिती, विणकाम करता करता सारे न्याहाळणारी वृद्धा आणि शेवटच्या प्रकरणात पुन्हा नीट बसलेली गावाची घडी, असा तो साचा आहे.

अलीकडच्या वर्षांत हा साचा अमेरिकेतील स्थलांतरितांच्या वस्त्यांत नेला गेला आहे. हा बदल केवळ देखाव्याचा आहे असे प्रथमदर्शनी वाटते. पण तसे नाही. मिस मार्पलचे गाव शतकानुशतके तेथे उभे आहे. खुनी सापडला नाही, तरी तिचे घर तिचेच राहते. स्थलांतरितांचे गाव मात्र भाड्याच्या जागेत वसलेले असते. तेथे एकावर आळ आला की साऱ्या कुटुंबाच्या पायांखालची जमीन सरकते. म्हणून येथील शोध हा बुद्धीचा खेळ राहत नाही. तो पोटासाठी आणि नावासाठी केलेला धडपडीचा उद्योग होतो.

मला भेट मिळालेली कादंबरी होती मिया पी. मनान्साला ह्या फिलिपिनो-अमेरिकन लेखिकेची 'आर्सेनिक अँड अडोबो' (२०२१). पहिल्या कादंबरीसाठीचा अगाथा पुरस्कार तिला मिळाला आहे. नायिका लायला माकापागाल ही शिकागोतील मोडलेला वाङ्निश्चय मागे टाकून इलिनॉय राज्यातील शेडी पाम्स ह्या काल्पनिक गावी परतते. तेथे तिच्या आत्याचे, टिटा रोझीचे, छोटेसे उपाहारगृह आहे. लायलाचा पूर्वीचा प्रियकर डेरेक हा खाद्यपदार्थांवर टीका लिहिणारा गृहस्थ. तो एके दिवशी तेथेच जेवताना कोसळतो आणि मरण पावतो. संशय लायलावर येतो. जागामालकाला हे कुटुंब तेथून हवेच असते. त्याला आयते निमित्त मिळते. पोलिसांवर विश्वास ठेवून स्वस्थ बसण्याची चैन ह्या कुटुंबाला परवडणारी नाही. लायला स्वतः शोधाला लागते. तिच्या मदतीला असतात तिच्या तीन धर्ममाता: एप्रिल, मे आणि जून. त्यांच्या नावांवरून तिने त्यांना 'कॅलेंडर क्रू' असे नाव दिले आहे.

ह्या तिघींपाशी मी थांबलो. फिलिपाइन्समध्ये स्पॅनिश सत्ता तीन शतकांहून अधिक काळ होती. वसईत पोर्तुगीज सत्ता १५३४ ते १७३९ अशी दोन शतके राहिली. दोन्हीकडे बाप्तिस्म्यातील धर्ममाता ही केवळ नोंदवहीतील सही राहिली नाही. ती आयुष्यभराची नातेवाईक झाली. 'जाड झालीस,' 'लग्न कधी,' हे विचारण्याचा अधिकार तिला बाप्तिस्म्याच्या पाण्यानेच मिळतो! मनान्साला ह्यांनी ह्या स्त्रियांचा खोचकपणा आणि माया ही एकाच स्वभावाची दोन रूपे म्हणून रंगविली आहेत, आणि ते चित्र अस्सल उतरले आहे. त्या टोमणे मारतात, पण संकटात पहिल्या धावून येतात. कोण कोणाकडे जातो, कोणाची उधारी थकली आहे, कोणाचे घरात पटत नाही, हे सारे त्यांना ठाऊक असते. पोलिसांना जे कळत नाही ते ह्यांच्या जेवणाच्या टेबलावर कळते.

येथेच माझ्या आनंदात खडा लागला. ह्या कादंबरीत बोलणे दोन प्रकारचे आहे. गावातील लोक लायलाविषयी जे बोलतात, ती निंदा. धर्ममाता इतरांविषयी जे बोलतात, ती माहिती. निंदेमुळे उपाहारगृह ओस पडते. माहितीमुळे खुनी सापडतो. परंतु नीट पाहिले तर दोन्ही बोलणी एकच आहेत. दोन्हींत अनुपस्थित माणसाविषयी अर्धवट ज्ञानाच्या आधारे निष्कर्ष काढला जातो. आपल्या माणसांनी केले म्हणजे ते मायेचे आणि परक्यांनी केले म्हणजे विखारी, हा भेद लेखिका करते. पण त्याचे समर्थन ती कोठेच देत नाही. ह्या साहित्यप्रकाराचीच ही मर्यादा आहे. त्यात कुजबूज आडवळणे घेते, पण अखेरीस सत्यापाशीच पोहोचते.

जीवनात तसे होत नाही, हे मला स्वानुभवाने सांगावे लागते. सुमारे वीस वर्षांपूर्वी मी एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. सणाच्या वर्गणीत काही रक्कम कमी भरली. चर्चची झाडलोट करणारी एक बाई होती. दूरच्या जिल्ह्यातून आलेली, दोन मुलांसह भाड्याच्या खोलीत राहणारी. तिच्यावर कोणी उघड आरोप केला नाही. केवळ बोलणे सुरू झाले. बोलणाऱ्या स्त्रिया आणि पुरुष वाईट नव्हते; माझ्या आजारपणात त्यांनीच मला पेज आणून दिली होती. मी सारे ऐकत होतो आणि पुराव्याशिवाय मध्ये पडू नये अशी स्वतःची समजूत घालीत होतो. पावसाळ्याच्या तोंडावर ती बाई खोली सोडून गेली. पुढे ऑगस्टमध्ये हिशेब तपासताना ती रक्कम दुसऱ्याच वहीत जमा झालेली आढळली. कोडे सुटले, पण खोली रिकामीच राहिली. मी तिचा ठावठिकाणा शोधला. तो मिळाला नाही. संत याकोबाने आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जिभेला वणवा पेटविणाऱ्या ठिणगीची उपमा दिली आहे. त्यावर मी अनेकदा प्रवचन केले आहे; बोलायला हवे होते त्या रविवारी मात्र केले नाही.

ह्या संदर्भात फादर ब्राऊनची आठवण अपरिहार्य आहे. त्याचा पहिला कथासंग्रह १९११ साली निघाला. त्याच्याकडेही माणसांविषयी ज्ञान आहे. पण ते जेवणाच्या टेबलावरचे नाही. ते पापनिवेदनातून आलेले आहे आणि म्हणून मोहोरबंद आहे. कोणी काय सांगितले ते तो वापरू शकत नाही. माणूस कसा घसरतो एवढेच तो त्यातून शिकतो. १९२७ सालच्या संग्रहात तो आपली रीत उलगडून सांगतो, तिचा आशय असा की खुन्याला शोधताना तो स्वतः अंतर्यामी खुनी होऊन पाहतो. बोट दुसऱ्याकडे वळण्याआधी ते स्वतःकडे वळते. 'द हॅमर ऑफ गॉड' ह्या कथेत तर गुन्हेगार कोण ते कळल्यावर तो त्याला पोलिसांच्या हवाली करीत नाही. स्वतः जाऊन कबुली देण्याची वाट त्याच्यासाठी मोकळी ठेवतो. कोडे सुटणे आणि माणूस सुटणे ह्या दोन गोष्टी चेस्टरटन वेगळ्या ठेवतो आणि दुसरीला अधिक मोल देतो. नव्या ऊबदार कादंबऱ्यांत खुनी एकदा सापडला की लेखकाचे आणि वाचकाचेही त्याच्याशी नाते संपते. त्याला बाहेर काढले की उरलेले सारे आपोआप निर्दोष ठरतात आणि जेवायला बसतात.

परंतु स्थलांतरितांच्या रहस्यकथेला एवढेच जमते असे म्हणणे अन्यायाचे होईल. नाओमी हिराहारा ह्यांची मास अराई ही कादंबरीमाला पाहावी. हिराहारा लॉस एंजेलिसमधील 'राफू शिम्पो' ह्या जपानी-अमेरिकन वृत्तपत्राच्या संपादक होत्या. त्यांचे वडील हिरोशिमातून वाचलेले होते आणि अमेरिकेत माळीकाम करीत. मास हाही तसाच. कॅलिफोर्नियात जन्मलेला, हिरोशिमात वाढलेला, अणुबॉम्बमधून बचावून परतलेला, दुसऱ्यांच्या बागा राखणारा अबोल म्हातारा. 'समर ऑफ द बिग बाची' (२००४) ह्या पहिल्या कादंबरीत हिरोशिमातील एका जुन्या मित्राची चौकशी करीत एक अनोळखी इसम येतो आणि मासने अर्धशतक दडवून ठेवलेले सत्य हलू लागते. 'बाची' म्हणजे आपल्याकडील 'करावे तसे भरावे'. येथे शोध घेणारा स्वतः निर्दोष नाही. तो खुन्याला शोधतो तेव्हा स्वतःच्या मौनालाही शोधतो. ह्या पुस्तकात ऊब कमी आहे हे मान्य. काही समीक्षक त्याला ह्या वर्गात बसवणारही नाहीत. पण वस्ती, टोळकी, कुजबूज आणि जुने मित्र हे सारे साहित्य तेच आहे. मालेतील तिसऱ्या कादंबरीला २००७ साली एडगर पुरस्कार मिळाला.

ह्या दोहोंच्या मध्ये जेसी क्यू. सुतान्तो ह्यांची 'वेरा वाँग्ज अनसॉलिसिटेड अ‍ॅडव्हाइस फॉर मर्डरर्स' (२०२३) ठेवता येईल. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाऊनमध्ये ओस पडलेले चहाचे दुकान चालविणारी साठ वर्षांची वेरा आपल्या दुकानातील मृतदेहाचे निमित्त करून संशयितांना एकत्र आणते, जेवू घालते आणि त्यांनाच आपले कुटुंब करते. विनोद खुसखुशीत आहे. पण त्याच्या तळाशी मुलगा दूर गेलेल्या आईचे एकाकीपण आहे. मुले परदेशी गेलेल्या आईवडिलांना मी दर शुक्रवारी कम्युनियन नेऊन देतो. त्यामुळे त्या विनोदावर हसताना मी अडखळलो. घरात माणसे यावीत म्हणून एका मृत्यूची गरज भासावी, हे हसण्यावारी नेण्याजोगे नाही.

एक आक्षेप असा घेतला जातो की ह्या कादंबऱ्यांत स्थलांतरितांचे जीवन खाद्यपदार्थांपुरते उरते. 'आर्सेनिक अँड अडोबो'त शब्दांचा अर्थकोश आहे आणि शेवटी पाककृतीही आहेत. जणू वाचक पाहुणा म्हणून आला आहे. हा आक्षेप मला अर्धाच पटतो. जी भाषा नातवंडांना येत नाही, ती कित्येकदा पदार्थाच्या नावातच जिवंत राहते. बिबिंगका हा शब्द उच्चारला की नाताळपूर्वीच्या नऊ पहाटेच्या मिस्सा आणि चर्चबाहेरचा तांदळाच्या केकचा वास ही दोन्ही फिलिपिनो माणसाला आठवतात. ते स्मरण खोटे नाही. शिवाय मालेतील दुसऱ्या कादंबरीत, 'होमिसाइड अँड हॅलो-हॅलो'मध्ये (२०२२), मनान्साला ह्यांनी पहिल्या खुनाचा घाव नायिकेच्या मनावर शिल्लक राहिलेला दाखविला आहे. मृत्यू विसरून जेवायला बसता येत नाही, हे त्यांना उमगले आहे. ही त्यांच्या प्रामाणिकपणाची खूण आहे.

ही पुस्तके वाचावीत, असेच मी सांगेन. मुलेबाळे परदेशी असलेल्या आपल्या समाजाला त्यांत आपला चेहरा दिसेल आणि तो बहुतांशी प्रेमळ दिसेल. मात्र वाचून मिटताना एक प्रश्न जवळ ठेवावा. त्या टेबलावर ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे, त्याला त्या टेबलाशी बसण्याची जागा होती का? आमच्या त्या धर्मग्रामातील बाईला नव्हती. ती जागा करून देणे हे माझे काम होते.