शिखर आणि साक्ष : कांद्यातील कीटकनाशक-अवशेषांच्या शोधाची चिकित्सा

मुंबई-गोवा महामार्गावरून अलिबागचा फाटा जेथे फुटतो, त्या वडखळच्या परिसरात हंगामात पांढऱ्या कांद्याच्या माळा विक्रीस टांगलेल्या दिसतात. अलिबाग तालुक्यात भातकापणीनंतर पिकणारा, तिखटपणा कमी असलेला आणि भौगोलिक मानांकन लाभलेला हा कांदा ग्राहक विश्वासाने घेतो. त्या विश्वासाचा रासायनिक आधार तपासावयाचा झाल्यास मात्र विश्लेषकापुढे मोठी अडचण उभी राहते. कारण कीटकनाशकांच्या अवशेषांचा शोध घेण्यास कांदा हा अत्यंत अवघड अशा पदार्थांपैकी एक होय.

अडचणीचे मूळ कांद्याच्या पेशीतच आहे. अखंड कांद्यात गंधकयुक्त सिस्टीन-सल्फॉक्साइडे आणि ॲलिनेज हे विकर परस्परांपासून अलग असतात. कांदा चिरताच त्यांचा संयोग होतो आणि डायसल्फाइडे, ट्रायसल्फाइडे इत्यादी संयुगे तयार होतात. म्हणजे नमुना वाटण्याची क्रियाच बाधक द्रव्ये निर्माण करते! जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ मध्ये सिद्ध केलेला इलेक्ट्रॉन-ग्रहण शोधक क्लोरीनयुक्त कीटकनाशकांचे अत्यल्प अंशही दाखवितो. परंतु तो क्लोरीन 'ओळखतो' असे मानणे ही चूक होय. इलेक्ट्रॉन ग्रहण करणारे कोणतेही संयुग, मग ते कांद्यातील पॉलिसल्फाइड का असेना, त्याला सारखेच. १९६६ मध्ये पुढे आलेला ज्वाला-प्रकाशमापी शोधक फॉस्फरससाठी ५२६ आणि गंधकासाठी ३९४ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश मोजतो. तथापि गंधकाचे प्रमाण विपुल असल्यास त्याचा प्रकाश फॉस्फरसच्या मार्गातही शिरतो.

अतएव केवळ धारणकाल जुळला म्हणून शिखराला कीटकनाशकाचे नाव देणे हे साक्षीवाचून निकाल देण्यासारखे आहे. उलट, अनोळखी शिखराकडे डोळेझाक करणेही इष्ट नव्हे. स्वीडनमध्ये सोरेन येन्सेन हे डीडीटीचा शोध घेत असता जी अनाहूत शिखरे वारंवार दिसत होती, ती पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइलांची असल्याचे त्यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले. एकाची बाधा ती दुसऱ्याचा शोध ठरली.

शुद्धीकरणाचे उपाय आहेत, पण प्रत्येकाची किंमतही आहे. वाटण्यापूर्वी कांदा सूक्ष्मतरंगांनी तापविल्यास विकर निष्क्रिय होते आणि गंधकसंयुगे मुळातच कमी उपजतात. परंतु त्याच उष्णतेने डायक्लोर्व्हॉससारखे बाष्पशील द्रव्य उडून जाण्याचा धोका असतो. ग्राफाइटी कार्बन रंगद्रव्ये काढून टाकतो; पण क्लोरोथॅलोनिलसारखे सपाट रेणूही धरून ठेवतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'क्वेचर्स' पद्धतीने काम सुलभ व स्वस्त केले, हे खरे. परंतु सुलभता हा अचूकतेचा पर्याय नव्हे. जो उपाय बाधा हटवितो, तोच शोध्य द्रव्यही हटवीत नाही ना, हे पुनर्प्राप्तीच्या प्रयोगानेच ठरले पाहिजे.

मापनातील दोष याहून सूक्ष्म आहे. शुद्ध द्रावकातील कीटकनाशकाचा काही अंश उपकरणाच्या प्रवेशनलिकेतील सक्रिय जागांवर अडकतो. कांद्याच्या अर्कातील इतर द्रव्ये त्या जागा व्यापतात, त्यामुळे कीटकनाशक अधिक प्रमाणात पुढे जाते आणि शिखर वाजवीपेक्षा मोठे दिसते. यावर उपाय म्हणून प्रमाणद्रावण अवशेषमुक्त कांद्याच्या अर्कातच करतात. पण तो कांदा कोणता? तिखट लाल कांद्यातील गंधकसंयुगे आणि सौम्य पांढऱ्या कांद्यातील संयुगे समप्रमाणात असतील, असे गृहीत धरता येत नाही. एकाचे प्रमाण दुसऱ्यास लावण्यापूर्वी त्याची स्वतंत्र परीक्षा आवश्यक आहे.

द्रव्यमान-वर्णपटमापकाची जोड मिळाल्यापासून ओळख पुष्कळ दृढ झाली आहे. युरोपीय मार्गदर्शक सूत्रांनुसार किमान दोन आयन आणि त्यांच्या गुणोत्तरात ३० टक्क्यांच्या आतील फरक, ही अट असते; पुनर्प्राप्ती सामान्यतः ७० ते १२० टक्के अपेक्षित असते. तरीही यंत्र केवळ विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. २०१० मध्ये महाराष्ट्रातील द्राक्षे युरोपात अडली, ती क्लोरमेक्वॅट या वाढनियंत्रकाच्या अवशेषांमुळे. ते चतुष्क अमोनियम लवण असून वायुवर्णलेखनाच्या तापमानास अखंड बाष्परूप घेत नाही. त्याच्यासाठी द्रववर्णलेखनच हवे. वायुवर्णलेखनाचा आलेख कितीही स्वच्छ असला, तरी अशा द्रव्याविषयी तो मूकच राहणार.

म्हणूनच अहवालातील 'आढळले नाही' हे शब्द एकटे येऊ नयेत. कोणती द्रव्ये शोधली, कोणत्या मर्यादेपर्यंत, कोणत्या कांद्याच्या आधारे आणि किती पुनर्प्राप्तीने, हे त्यांच्यासोबत आले पाहिजे. प्रति किलोग्रॅम ०.०१ मिलिग्रॅम या मर्यादेवर खोटे शिखर निर्दोष शेतकऱ्याचा माल नाकारते, तर दडपलेले शिखर सदोष माल ग्राहकाच्या ताटात घालते. या दोन्ही अन्यायांचे उत्तरदायित्व यंत्राचे नव्हे, शिखराचा अर्थ लावणाऱ्याचे होय.