शेलापागोटे : शाळा सोडल्याचा दुसरा दाखला

मराठी विनोदाची समीक्षा आजवर बहुधा लेखकांच्या नावांभोवती फिरली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून पु. ल. देशपांड्यांपर्यंतची परंपरा आपण वारंवार तपासली. मात्र ज्या विनोदाला लेखकच नाही, जो एका दुपारी जन्मतो आणि त्याच दुपारी संपतो, त्याला वाङ्मयप्रकार म्हणून पाहण्याची गरज आपल्याला फारशी वाटलेली नाही. दहावीच्या वर्गाच्या निरोप समारंभात वाचले जाणारे शेलापागोटे हा असा एक प्रकार आहे. जानेवारी-फेब्रुवारीत, शालान्त परीक्षेच्या तोंडावर, महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावच्या विद्यालयात हा समारंभ होतो. नववीचा वर्ग मांडव सजवतो, दहावीचा वर्ग शाळेला भिंतीवरचे घड्याळ किंवा सरस्वतीची तसबीर देतो, कुणी सद्गदित भाषण पाठ करून येतो आणि मध्येच विसरतो. आणि मग चिठ्ठ्यांचा डबा उघडतो.

प्रस्तुत विवेचनासाठी सोनई हे गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासा तालुक्यातले हे गाव मुळा सहकारी साखर कारखान्याचे आणि मुळा एज्युकेशन सोसायटीच्या शिक्षणसंकुलाचे आहे. दरवाजे नसलेल्या घरांसाठी प्रसिद्ध असलेले शनिशिंगणापूर जवळच आहे, आणि तालुक्याचे ठिकाण असलेले नेवासे ही तर ज्ञानेश्वरीची जन्मभूमी. पण गावाची निवड या कीर्तीमुळे केलेली नाही. कारखाना, शाळा आणि जात या तिन्ही गोष्टी एकाच शिवारात नांदत असल्यामुळे शालेय स्मरणातील विनोदाची कसोटी येथे अधिक नेमकी लागते.

प्रथम शब्दाकडे पाहू. इंग्रजी शाळांमधून आलेल्या ‘फिशपाँड’ला मराठीने शेलापागोटे हा प्रतिशब्द दिला आणि त्यात स्वतःची एक खोच घातली. शेला आणि पागोटे ही मानाची वस्त्रे; दरबारात वा मंगलकार्यात ती देऊन माणसाचा गौरव होतो. वर्गात मात्र याच नावाने माणसाचे पागोटे उतरवले जाते. गौरवाच्या संकेताने अवमान करायचा आणि तो अवमान पुन्हा आपुलकीचा आहे असे सर्वांनी धरून चालायचे, अशी ही दुहेरी उलट आहे. मिखाईल बाख्तीनने ज्याला कार्निव्हल म्हटले त्यातील राज्याभिषेक आणि पदच्युती यांची आठवण येथे होणे साहजिक आहे. मात्र बाख्तीनच्या उत्सवाला पंच नव्हता. शेलापागोट्याला आहे : चिठ्ठी कोणी लिहिली हे गुप्त, ती कोणासाठी आहे हे उघड, आणि ती वाचणारे बहुधा वर्गशिक्षक. कोणती चिठ्ठी वाचायची आणि कोणती हसून खिशात टाकायची याचा निर्णय तेच करतात. थोडक्यात, हा परवानगीचा विनोद आहे. त्याला विद्रोह म्हणण्याची घाई अलीकडच्या काही अभ्यासकांप्रमाणे मी करणार नाही.

या प्रकाराचे खरे नाते एका दुसऱ्याच संहितेशी आहे. ती संहिता म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. दाखल्यावर नाव, जन्मतारीख, जात, अभ्यासातील प्रगती, वर्तणूक, शाळा सोडण्याचे कारण आणि शेरा असे रकाने असतात. पैकी ‘वर्तणूक’ या रकान्यात पिढ्यान्‌पिढ्या ‘चांगली’ हाच एक शब्द लिहिला जात आला. वर्षभर बाकाखाली बसून बोरे खाणाराही चांगला आणि फळ्याकडे पाहत झोपणाराही चांगला. शेलापागोटे हा याच रकान्याचा विस्तार आहे. जे कारकुनाला लिहिता येत नाही ते वर्ग लिहितो : कोणाची कंपासपेटी कधी स्वतःची नव्हती, कोणाला भूमितीच्या तासालाच पोटदुखी होत असे, कोण एसटी चुकल्याचे सांगे पण प्रत्यक्षात उसाच्या ट्रॉलीवरून येई. शासकीय दाखला सर्वांना सारखे करतो, हा दुसरा दाखला प्रत्येकाला वेगळा करतो. त्यामुळे चिठ्ठी ज्याच्या वाट्याला येत नाही तो विद्यार्थी सुटल्याचा आनंद न मानता खट्टू होतो. हे मानसशास्त्र प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. पुष्कळदा तेच अशा मुलासाठी आयत्या वेळी एखादी चिठ्ठी रचतात.

हा विनोद बाहेरच्याला कळत नाही. बर्गसाँने हास्यावरील आपल्या निबंधात (१९००) एक किस्सा दिला आहे : प्रवचन ऐकून सगळे रडत असताना एकजण कोरडाच राहिला, कारण विचारता तो म्हणाला, मी या पॅरिशचा नव्हे. बर्गसाँच्या मते रडण्यापेक्षा हसण्याला हे वचन अधिक लागू पडते. वर्ग ही अशीच एक पॅरिश आहे. तिची एक भाषा असते, टोपणनावांचा कोश असतो, आणि या कोशाबाहेर चिठ्ठीला अर्थच उरत नाही. परिणामी या विनोदाचा निवेदक व्याकरणदृष्ट्या अनेकवचनी आहे. त्यात बोलणारा ‘आम्ही’ आहे.

गेल्या काही वर्षांत या ‘आम्ही’ला एक दुसरा जन्म लाभला. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी दहावी झालेल्या तुकड्या पुन्हा शाळेत जमतात, घंटा वाजवली जाते, प्रार्थना होते, पोट सुटलेली माणसे लहान बाकांवर अडकून बसतात आणि निवृत्त सर हजेरी घेतात. नाट्यशास्त्रात भरताने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद केले आहेत. माणूस स्वतः हसतो ते आत्मस्थ, दुसऱ्याला हसवतो ते परस्थ. निरोपाच्या दिवशीचे शेलापागोटे परस्थ होते. स्नेहमेळाव्यात प्रत्येकजण स्वतःचीच चिठ्ठी स्वतः वाचतो आणि आपल्या नापासाचे प्रताप सांगून हसवतो, म्हणजे दोन्ही भेद एकमेकांत मिसळतात. या मिश्रणात एक गोष्ट मला नेहमी खटकते. छडीची आठवण येथे निरपवादपणे गमतीची होते. हाताला वळ उठले होते ते आज वात्सल्य म्हणून नोंदले जातात. ज्यांच्या हाताला ते अधिक वेळा उठले ते बहुधा या बाकांवर नसतात.

लिखित साहित्याने या सामूहिक हास्याचे काय केले? पु. लं.चे ‘चितळे मास्तर’ घ्या. तेथे वर्ग आहे, गोदी गुळवणी आहे, हशा आहे. पण वर्गाचा ‘आम्ही’ शेवटी मास्तरांच्या झिजलेल्या वहाणांपाशी येऊन एका ‘मी’मध्ये विरघळतो. हे व्यक्तिचित्राच्या आकृतिबंधाला साजेसेच आहे. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) अधिक सावध आहे. आणीबाणीच्या काळातील नववीचे एक वर्ष, चौघा मित्रांची टोळी, त्यांची स्वतःची भाषा : शेलापागोट्याला लागणारी सगळी सामग्री येथे आहे. परंतु कादंबरी दहावीच्या आधीच थांबते. शिरोडकर गाव सोडून जाते, टोळी पांगते, आणि निरोप समारंभाचा प्रसंगच येत नाही. मला हा निर्णय महत्त्वाचा वाटतो. निरोप समारंभ झाला असता तर दुःखाला सामूहिक हास्याचे पांघरूण मिळाले असते. बोकील ते नाकारतात आणि मुकुंद जोशीला एकटा ठेवतात.

आनंद यादवांच्या ‘झोंबी’त (१९८७) हाच वर्ग दुसऱ्या टोकाने दिसतो. बापाशी झगडून, मध्ये खंड पडून शाळेत परतलेला मुलगा वर्गात पाऊल ठेवतो आणि त्याचे डोक्याचे वस्त्र ओढून त्याची नक्कल केली जाते. सगळा वर्ग हसतो. येथे पागोटे खरोखरच उतरवले गेले आहे, आणि शेला कोणी दिलेला नाही. त्या वर्गाच्या पुढे कधी स्नेहमेळाव्यात आठवणी निघाल्या असत्या तर हाच प्रसंग गमतीचा म्हणून सांगितला गेला असता, अशी दाट शंका येते. दया पवारांच्या ‘बलुतं’त (१९७८) तर अनेकवचनच अशक्य होते. याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात धामणगावी जन्मलेला हा लेखक स्वतःची कथा सांगण्यासाठी दगडू मारुती पवार आणि दया पवार अशी आपलीच फाळणी करतो. हजेरीत पुकारल्या जाणाऱ्या नावाचीच ज्याला लाज वाटावी अशी व्यवस्था होती, त्याने ‘आमचा वर्ग’ या शब्दांनी वाक्य सुरू कसे करावे? दलित आत्मकथनांत शालेय विनोद नाही असे नव्हे, प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’मध्ये (१९७९) मिश्किलपणा पानोपानी आहे. पण तो एकट्याचा आहे, आणि भुकेशी केलेला आहे.

आता पुन्हा सोनईकडे. निरोप समारंभाचे दिवस आणि गळिताचा भर एकाच वेळी येतात. कारखान्याचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. बीडकडून आणि याच जिल्ह्यातील पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात, आणि त्यांच्या मुलांचे दुसरे सत्र गावाकडच्या हजेरीपटावर रिकामे राहते. काही काळ साखरशाळा चालल्या. त्यांतून दहावीच्या मांडवापर्यंत किती पोचले, हे फडाच्या कडेला उभे राहिल्यावर विचारावेसे वाटत नाही. ट्रॉलीवरून शाळेत येणाऱ्या मुलावर चिठ्ठी निघते. ती ट्रॉली भरणाऱ्या मुलावर चिठ्ठी निघत नाही, कारण तो पॅरिशचा नव्हे.

शालेय आठवणींत शिपाईमामा हे एक ठरलेले विनोदी पात्र असते : घंटा लवकर देणारे, उशिरा येणाऱ्याला मागल्या दाराने सोडणारे. सफाई कामगाराला एवढीही जागा मिळालेली माझ्या वाचनात नाही. १ जानेवारी २०१३ रोजी सोनई परिसरात तीन दलित तरुणांची निर्घृण हत्या झाली. त्यांतील एकाच्या सवर्ण मुलीशी असलेल्या प्रेमसंबंधाचा राग हे तिचे कारण होते. २०१८ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. ते तिघे एका शिक्षणसंस्थेत सफाईचे काम करीत होते. विनोदावरील लेखात या घटनेचा उल्लेख काहींना औचित्यभंग वाटेल. मला तो टाळणे हा औचित्यभंग वाटतो. कारण शाळेच्या आवारात रोज वावरूनही शाळेच्या कोणत्याही ‘आम्ही’त न मोजलेली माणसे कोण, हा प्रश्न या लेखाच्या विषयाबाहेरचा नाही.

याचा अर्थ शेलापागोटे वाचूच नयेत असा कोणी काढू नये. पंधरा वर्षांच्या मुलांना एकमेकांविषयीचे प्रेम उघड बोलता येत नाही. ते थट्टेच्या वेषातच बाहेर येते, आणि गावाकडच्या शाळेत, जिथे मुलगे आणि मुली पाच वर्षे एका वर्गात बसून परस्परांशी दहा वाक्येही बोललेली नसतात, तिथे चिठ्ठी हेच पहिले आणि अखेरचे पत्र असते. हा ऐवज मोलाचा आहे. तो शाळांनी जपून ठेवावा, लोकवाङ्मयाच्या संकलकांनी मिळवावा. फक्त त्याच्या शेजारी शाळेचे जनरल रजिस्टरही उघडे असावे. स्नेहमेळाव्यातली हजेरी हल्ली मोबाइलवरच्या ग्रुपच्या यादीवरून घेतली जाते. रजिस्टरवरून ती घेतली, तर आठवीत ‘सतत गैरहजर, नाव कमी केले’ असा शेरा पडलेली नावेही पुकारावी लागतील. काही नावांपुढे शाळा सोडण्याचे कारण ‘पालकांचा अर्ज’ एवढेच असेल. त्यांपैकी मुली किती, आणि त्या वर्षी त्यांची लग्ने कुठल्या गावी झाली, हे त्या बाकांवर बसलेल्यांपैकी कोणाला तरी अजून आठवत असेल.