मुक्त म्हणजे बेवारस नव्हे

‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. विकिमीडिया कॉमन्स हे छायाचित्रांचं भांडार 2004 साली सुरू झालं. आज तिथे दहा कोटींहून जास्त फायली आहेत. तिथला फोटो कुणीही वापरावा, बदलावा, अगदी धंद्यासाठीसुद्धा. पण बहुतेक परवान्यांची अट असते, की काढणाऱ्याचं नाव द्या. म्हणजे हक्क मोकळा केला तरी नातं तुटत नाही.

इथवर ठीक. माझा आक्षेप पुढे आहे. हे भांडार हक्काची चौकशी कसून करतं, अर्थाची तेवढी करत नाही. परवाना नसला तर फोटो काढून टाकतात. वर्णनात नुसतं ‘गावातील देऊळ’ लिहिलं तरी तो राहतो. फक्त कुणाला सापडत नाही. त्यात वर्गांची नावं बहुतेक इंग्रजीत. आता सावदा लिहिताना कोणी ‘व्ही’ लावतो, कोणी ‘डब्ल्यू’. वर्णन मराठीत लिहायची मुभा आहे, पण ती आपणच वापरत नाही. हा दोष भांडाराचा नाही, आपला आहे.

आपल्याकडे नाम आणि रूप अशी जोडी सांगतात. कॅमेरा रूप देतो, नाम माणसालाच द्यावं लागतं. वॉल्टर बेन्यामिन या जर्मन विचारवंताने 1931 सालीच विचारलं होतं, की फोटोखालची ओळ हाच पुढे फोटोचा सर्वांत महत्त्वाचा भाग होईल का?

जवळचंच उदाहरण घ्या. शेजारच्या फैजपूरला डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष नेहरू, अधिवेशन-नगराची सजावट नंदलाल बोस यांची. समजा, तेव्हाचा एखादा फोटो सावद्यात कुणाच्या पेटीत आहे. आपल्याकडे 1958 पूर्वी काढलेल्या फोटोवरचा हक्क काढल्यापासून 50 वर्षांनी संपतो. म्हणजे कायद्याने तो केव्हाच मोकळा झाला. पण नुसता मोकळा होऊन काय उपयोग? त्यातल्या नेहरूंना जग ओळखेल. त्यांच्यामागे उभा असलेला स्वयंसेवक कुणाचा आजोबा, हे फक्त इथलाच माणूस सांगेल. आणि असं सांगू शकणारी माणसं दरवर्षी कमी होताहेत, बरं का.

म्हणून तरुणांना माझं सांगणं एवढंच: शंभर फोटो चढवण्याआधी दहा फोटो घेऊन घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. कोण, कुठे, केव्हा, ते विचारा. खात्री नसेल तिथे ‘बहुधा’ लिहा, पण लिहा, आणि मराठीत लिहा. हक्क सोडायला एक क्षण पुरतो. ओळख द्यायला मात्र माणूस जिवंत असावा लागतो.